बादलीत दहा थेंब टाकले की जंतू मरतात का?

पत्र सांगलीच्या गावभागातून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नाही छापत. पत्र लांबलचक आहे, मी थोडं कापून देते.

"ताई नमस्कार. आमच्या घरात सहा माणसं. सासूबाई ७४ च्या आहेत, शुगर आहे, टाचेला जखम झालीय ती दीड महिना झाला भरत नाही. नात सात महिन्यांची, तिला सारखी सर्दी. शिवाय एक मांजर. माझ्या जाऊबाई सध्या तेलांचं काम करतात, म्हंजे मेंबर करायचे आणि इसेन्शियल ऑइल विकायचं. मलापण सहा बाटल्यांचा बॉक्स दिलाय, १० मिलीच्या बाटल्या, ४,२०० रुपये, हळूहळू दे म्हणाल्या. टी ट्री, लव्हेंडर, निलगिरी, गवती चहा, लवंग, पुदिना. फरशीच्या बादलीत दहा थेंब टाक, फिनेल लागत नाही म्हणतात. बाळाच्या वाफेच्या मशीनमध्ये निलगिरीचे दोन थेंब आणि सासूबाईंच्या जखमेवर टी ट्री लाव म्हणतात. नॅचरल आहे, ९९.९ टक्के जंतू मरतात, लॅबचे फोटो दाखवतात मोबाईलवर. २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात आमच्या घरात पाणी होतं, तेव्हापासून मला जंतूंची धास्तीच बसलीय ओ. मिस्टर म्हणतात थोतांड आहे सगळं, जाऊबाई म्हणतात सायन्स आहे. खरं कोण? आणि नाही म्हणायचं झालं तर म्हणू कसं, आम्ही एकाच बोळात राहतो."

ताई, बाकी सगळं नंतर, आधी सासूबाईंचा पाय. शुगरच्या माणसाच्या टाचेला दीड महिना न भरणारी जखम, हा तेलाचा विषयच नाही. टी ट्री नको, हळद नको, डेटॉलपण नको, आणि शेजारणीनं सांगितलेला कुठलाही पाला नको. शुगरमध्ये पायाची संवेदना कमी होते, रक्त नीट पोचत नाही, त्यामुळं वरून छोटी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते आणि त्यांना दुखतपण नाही. दुखत नाही म्हणून तर घरचे निवांत राहतात. मिरज तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, कर्नाटकातून माणसं गाड्या करून तिथं दवाखान्याला येतात, तुम्ही रिक्षानं जाऊ शकता. उद्याच जा. हे झालं की मग खाली वाचा.

आता तुमचा प्रश्न. मिस्टर खरे का जाऊबाई खऱ्या? तर दोघंही अर्धे अर्धे. तेलांनी जंतू मरतात हे खरं आहे, मी स्वतः मारलेत. साताऱ्यात एका कॉलेजात बरीच वर्षं मायक्रोबायॉलॉजीची प्रॅक्टिकल घेतली मी, त्यामुळं जाऊबाईंच्या मोबाईलवरचा फोटो न बघतासुद्धा मला माहितीये त्यात काय असणार. गोल काचेची बशी, त्यात जेलीसारखं मिडियम, त्यावर जंतूंचा दुधी थर, मध्ये कागदाची बारकी टिकली आणि टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण, म्हंजे तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नाहीत. बरोबर ना? ते रिंगण खरंच असतं, फोटोशॉप नसतं.

आमच्या पोरांना दरवर्षी हा प्रयोग फार आवडायचा कारण लॅबभर वास सुटायचा. राजवाड्याजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून लवंगेचं, निलगिरीचं आणि ओव्याचं तेल आणायचो, फिल्टर पेपरच्या ६ मिमीच्या टिकल्या पंचिंग मशीननं पाडायचो (हो, ऑफिसातलं फायलीला भोकं पाडायचं असतं तेच), त्यावर तेल सोडून बशीत ठेवायचो आणि रात्रभर ३७ डिग्रीला. लाईट गेली नाही तर दुसऱ्या दिवशी रिझल्ट. लवंग आणि ओवा यांच्याभोवती पू करणारे जे स्टॅफ जंतू असतात त्यांचं नामोनिशाण नाही, दोन रुपयाच्या नाण्याएवढं मोकळं मैदान. निलगिरीचं रिंगण मात्र एवढंसं, पोरं दरवर्षी नाराज, कारण घरी सर्दीला तीच लावतात ना. आणि सुडोमोनास म्हणून एक चिवट जंतू असतो, तो तर कुठल्याही टिकलीला पार चिकटून वाढायचा, हिरवट रंग सोडत, जसं काही झालंच नाही. ओल्या जागी, दवाखान्यातल्या सिंकमध्ये, न भरणाऱ्या जखमांमध्ये हाच बसलेला असतो बरं का. टाचेच्या जखमेवर तेल नको म्हणाले त्याचं हे एक कारण.

हे तेल जंतूला मारतं कसं, तर जंतूच्या भोवती एक स्निग्ध पडदा असतो आणि तेलातले रेणूपण स्निग्ध, ते त्या पडद्यात जाऊन मुरतात, पडदा सैल पडतो आणि आतलं पोटॅशियम वगैरे सगळं बाहेर गळायला लागतं. पाण्याची टाकी तडकल्यासारखं. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, टी ट्रीमध्ये टर्पिनेन-फोर-ऑल, गवती चहात सिट्राल, ही ती कामाची माणसं. पण ई. कोलाय, सुडोमोनास असल्या जंतूंना बाहेरून अजून एक आवरण असतं, त्यातनं तेल सहज जात नाही. म्हणून कुठं चालतं, कुठं नाही.

बरं मग प्रयोग खरा आहे तर जाऊबाईंचं चुकलं कुठं? बादलीत.

एका मिलीत साधारण वीस थेंब बसतात. म्हंजे दहा थेंब झाले अर्धा मिली. फरशीची बादली धरा १५ लिटरची, म्हणजे १५,००० मिली. अर्धा मिली तेल पंधरा हजार मिली पाण्यात, म्हणजे एकाला तीस हजार. टक्केवारीत ०.००३ च्या आसपास. आणि लॅबमध्ये टी ट्रीला बहुतेक जंतूंची वाढ नुसती थांबवायला किती लागतं, तर साधारण पाव टक्का ते दोन टक्के. आपण मधला सोडून खालच्या बाजूचा अर्धा टक्का धरू. तुमच्या बादलीत अर्धा टक्का आणायचा तर ७५ मिली तेल पाहिजे, म्हणजे साडेसात बाटल्या, आणि तुमच्या बॉक्सच्या हिशोबानं एक बाटली ७०० ला पडलीय, म्हणजे एकदा फरशी पुसायला ५,२५० रुपये. रोज. मिस्टरांना हा हिशोब दाखवू नका, घरात उगीच भांडण.

आमच्या एका पोरानं हेच करून बघितलं होतं, एकाला तीस हजार नाही पण एकाला हजार करून टिकली ठेवली. दुसऱ्या दिवशी काही नाही. नुसत्या पाण्याची टिकली आणि त्याची टिकली शेजारी शेजारी, दोन्हीकडं जंतू मजेत. वास मात्र येत होता, बशी उघडली की लवंग. आपलं नाक जंतूपेक्षा कितीतरी लवकर हरतं हो, हवेत नावालासुद्धा तेल असलं की आपल्याला वाटतं घर स्वच्छ झालं.

आणि अजून एक गोष्ट, ती तुम्ही घरी करून बघा, पैसे पडत नाहीत. काचेच्या दोन ग्लासात पाणी घ्या. एकात त्या निलगिरीचे दोन थेंब टाका. वर तवंग येईल, गोल गोल, ढवळला तरी थोड्या वेळात परत वर. म्हणजे बादलीतसुद्धा तेच होतं, तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं, थोडं फडक्याला लागतं, थोडं बादलीच्या कडेला, राहिलेलं हवेत. दुसऱ्या ग्लासात डेटॉलचे दोन थेंब टाका, लगेच दूध झाल्यासारखं पांढरं होईल. आता गंमत ऐका, डेटॉलमध्ये मुख्य जंतू मारणारं औषध क्लोरोझायलेनॉल, ४.८ टक्के, पण सोबत टर्पिनिऑल ९ टक्के असतं, आणि हे टर्पिनिऑल पाइनच्या तेलातून मिळणारं. तो डेटॉलचा वास आहे ना, दवाखान्याचा, तो त्याचाच. पांढरं फिनेल तर सरळसरळ पाइन ऑइल आणि त्याला पाण्यात मिसळवणारा साबणासारखा पदार्थ, म्हणून तेपण पाण्यात दुधाळ होतं. म्हणजे बघा, जाऊबाई फिनेल सोडून झाडाचं तेल वापर म्हणतायत आणि फिनेलच्या बाटलीत झाडाचंच तेल आहे, फक्त योग्य प्रमाणात, पाण्यात पसरेल अशा रूपात, आणि लिटरच्या हिशोबात किमतीला. (काळं फिनेल वेगळं, ते कोळशाच्या डांबरातलं. आणि हल्ली रंगीत क्लीनर मिळतात, लव्हेंडर, लेमन, त्यात मारायचं काम बहुधा बेंझाल्कोनियम क्लोराइड करतं, लव्हेंडर नुसतं पाहुणं.)

त्या ९९.९ बद्दल. आकडा ऐकायला भारी आहे पण दहा लाख जंतूंतले ९९.९ टक्के मेले तर एक हजार उरतात. ई. कोलायला ऊब आणि खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, म्हणजे हजाराचे परत दहा लाख व्हायला साडेतीन तासपण लागत नाहीत. त्यामुळं आकडा बघताना विचारायचं, कुठल्या जंतूवर, किती टक्के द्रावण, किती मिनिटं, आणि स्वच्छ काचेवर का मळक्या फरशीवर? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. माती, दूध सांडलेलं, कढईचं तेल उडालेलं असं काही असलं की आपलं सुगंधी तेल जंतू सोडून त्या घाणीतच जाऊन बसतं. आधी साबणानं धुवा, मग जंतुनाशक, हे सगळ्यांनाच लागू, ब्लीचलासुद्धा.

आता तुम्ही म्हणाल मग ही तेलं कामाची नाहीतच का. आहेत की. जिथं प्रमाण नीट असतं आणि वेळ दिलेला असतो तिथं आहेत. ऑस्ट्रेलियात १९९० साली पिंपल्सच्या १२४ पेशंटवर तपासणी झाली होती, टी ट्रीचं ५ टक्क्यांचं जेल आणि दुसरीकडं नेहमीचं बेंझॉइल पेरॉक्साइड ५ टक्के. दोन्हींनी फरक पडला, टी ट्रीनं उशिरा पडला पण त्रास कमी झाला. लक्षात घ्या, ५ टक्के, चेहऱ्यावर लावून ठेवलेलं, रोज. बादलीत दहा थेंब नव्हे. टी ट्रीचं झाड मूळ तिथलंच, आणि १९२० च्या दशकात आर्थर पेनफोल्ड नावाच्या केमिस्टनं ते कार्बोलिकपेक्षा (त्या काळचं नेहमीचं जंतुनाशक) भारी जंतू मारतं हे दाखवलं तेव्हापासून त्याची हवा आहे.

दाढ दुखल्यावर लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यानं लावतो तेही खरं, युजेनॉलनं दाढ बधिर होते. डेंटिस्टकडं गेल्यावर जो वास येतो ना आपल्याला धडकी भरवणारा, तो झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलच्या सिमेंटचा. पण लवंगेनं कीड भरून येत नाही, एक रात्र निघते आणि सकाळी डेंटिस्ट.

आणि ओवा! ओव्यावर माझा जीव आहे त्यामुळं जरा लांबण लागेल. ओव्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल असतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी आपल्याकडचा ओवा जहाजानं जर्मनीला जायचा, थायमॉल काढायला. तिकडं ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर या सर्जननी १८६५ पासून जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरून ऑपरेशननंतरची माणसं वाचवली, त्यांचं नाव घेऊन १८७९ मध्ये अमेरिकेत लिस्टरिन आलं, मूळच्या लिस्टरिनमध्ये थायमॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि विंटरग्रीनच्या वासाचं मिथाइल सॅलिसिलेट, चारही मिळून जेमतेम पाव टक्का. पण ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं, तोंडात वीस मिली घेऊन अर्धा मिनिट खुळखुळवायचं. पाव टक्का म्हणजे तुमच्या बादलीच्या पंच्याहत्तर पट झालं बघा. माझे वडील पोटदुखीला अमृतधारा घरीच करायचे, बाटलीत ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि भीमसेनी कापूर टाकायचे, तिन्ही कोरडे खडे, आणि बाटली नुसती हातात धरून हलवली की आमच्या डोळ्यांदेखत पाणी व्हायचं त्याचं. आम्हाला जादू वाटायची. ओव्याचं फूल म्हणजे हेच थायमॉल. पण ती बाटली आमच्याकडं कायम वरच्या फळीवर, देवाच्या मागं असायची, पोरांना हात लावायला बंदी, आणि ती बंदी शहाणपणाची होती ते मला पुढं शिकल्यावर कळलं.

कारण कापूर आणि निलगिरी बाळांना घातक आहेत. ताई हा भाग नीट वाचा आणि सूनबाईंना वाचायला द्या. सात महिन्यांच्या बाळाच्या वाफेच्या मशीनमध्ये निलगिरी टाकायची नाही. एक थेंब नाही, दोन थेंब नाही. तीव्र वास एवढ्या बाळाच्या नाकाशी गेला की श्वासनलिका आवळू शकते, श्वास क्षणभर थांबूपण शकतो, मेंथॉलचंही तेच, म्हणून दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कापूर-मेंथॉलचा बाम छातीला नाकाला चोळायचा नसतो. आणि पोटात गेलं तर वेगळंच. निलगिरीचं तेल चमचाभर, कधीकधी त्याहून कमीसुद्धा, लहान मुलाच्या पोटात गेलं की अर्ध्या तासात गुंगी, झटके येऊ शकतात. कापराचंही झटक्यांचंच. लवंगेचं तेल पोटात गेलं तर लिव्हरवर येतं. तुमची नात आता रांगायला लागेल, दोन महिन्यांत टीपॉय धरून उभी राहील, आणि या बाटल्या दिसायला कशा, बाळाच्या टॉनिकच्या ड्रॉपरसारख्याच. कधी चुकून प्यायलीच तर उलटी करवायची नाही, दूध पाजत बसायचं नाही, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना.

सर्दीला काय मग? नाकात सलाइनचे थेंब, जवळ घेऊन दूध, खोलीत धूर नाही. धुरी म्हणून आपल्याकडं निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकतात बाळंतिणीच्या खोलीत, तेपण बंद करा, वास औषधी असला तरी धूर तो धूरच. सर्दी सारखीच होत असेल, श्वास जलद वाटत असेल, दूध कमी पीत असेल तर बाळाचे डॉक्टर.

मांजरीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मांजराच्या लिव्हरला असले फिनॉलसारखे पदार्थ नीट निकाली काढता येत नाहीत, तेल फरशीवर, तेल पंजाला, पंजा चाटला की पोटात. टी ट्री तर त्यांना विषच. खरं तर काळं फिनेलसुद्धा मांजरीच्या घरात नको, फरशी वाळेपर्यंत तिला बाहेर ठेवत जा.

मोठ्या माणसांच्या अंगाला लावायचं तर कधीही नुसतं लावायचं नाही. एक छोटा चमचा खोबरेल म्हणजे ५ मिली, त्यात दोन थेंब म्हणजे दोन टक्के, बस्स. मी एकदा आगाऊपणा करून लवंगेचं नुसतं तेल मनगटाला लावलं होतं, डास चावला म्हणून, दुसऱ्या दिवशी तिथं चटका बसल्यासारखा लाल चट्टा, आठ दिवस बांगडी घालता आली नाही. शिकवणारी बाई मी! बाटली उघडून वर्ष झालेलं असेल तर अजून वाईट, हवा लागून तेल बदलतं आणि ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते. उघडल्याची तारीख पेननं बाटलीवर लिहून ठेवा.

तेल अस्सल आहे का नुसतं सेंट घातलेलं गोडंतेल आहे हे बघायला कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर ठेवा. खरं सुगंधी तेल उडून जातं, डाग जवळजवळ राहत नाही. भज्याच्या कागदासारखा पारदर्शक तेलकट डाग राहिला तर आत साधं तेल आहे. कडुलिंबाचं तेल मात्र या हिशोबात धरू नका, ते घाण्यावर पिळून काढलेलं, त्याचा डाग पडणारच, ते इसेन्शियल ऑइल नव्हेच. (आणि तेही बाळाच्या तोंडात कधी नाही.) आपल्या सांगलीच्या हळदीचं पण असंच, लोक म्हणतात हळदीचं तेल म्हणजे हळदीचा सगळा गुण आला, पण पिवळा रंग देणारं करक्युमिन वाफेबरोबर उडतच नाही, ते भांड्यातच राहतं, तेलात येतं ते वेगळंच. हरिपूरच्या पेवांत (जमिनीतल्या खोल कोठारांत) हळद वर्षानुवर्षं टिकायची तीपण वासामुळं नव्हे, जमिनीखाली आत हवाच नसायची. म्हणून तर पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही.

पुराची धास्ती मला समजते. कृष्णेचं पाणी घरात शिरून गेल्यावर तो जो चिखल आणि वास राहतो तो ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. त्या वेळी जर कुणी तेलाची बाटली घेऊन आलं तर सरळ नाही म्हणा. आधी फावड्यानं चिखल, मग साबणाचं पाणी आणि खराटा, मग ब्लीच. लिक्विड ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, फरशी-भिंत ओली करून दहा मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं, खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू होतो. पायाला कापलेलं असेल तर त्या पाण्यात अनवाणी उतरायचं नाही, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा ताप) तिथनंच येतो. पाणी खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळून प्यायचं. आणि एरवी, पूर नसताना, रोज घर फिनेलनं किंवा ब्लीचनं न्हाऊ घालायची गरज नाही हो, साबणाचं पाणी पुरतं. खरी लागण हातानं होते. साबणानं वीस सेकंद हात, संडासनंतर, बाळाचं दुपटं बदलल्यावर, भाकरी थापायच्या आधी. सॅनिटायझर घेतलाच तर ६० टक्क्यांच्या वर अल्कोहोल लिहिलेलं बघून घ्या, घरी टी ट्री आणि कोरफड घोटून केलेला नको.

राहिला जाऊबाईंचा प्रश्न, आणि मला वाटतं पत्र तुम्ही मुळात त्यासाठीच लिहिलंय. त्यांच्यावर चिडू नका. त्यांनापण कुणीतरी असाच बॉक्स गळ्यात मारलेला असणार, मेंबर कर म्हणून मागं लागलेलं असणार. तुम्ही बाळाच्या डॉक्टरांकडं जाणारच आहात, तिथं बाटली घेऊन जा, समोर ठेवून विचारा, आणि घरी आल्यावर म्हणा, डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टरांचं नाव आलं की कुणाच्या स्वाभिमानाला धक्का लागत नाही, आपल्याकडं ही सोय चांगली आहे. निलगिरी, पुदिना आणि टी ट्री या तीन न उघडलेल्या असतील तर परत द्या, बाळ आणि मांजर आहे घरात, यापेक्षा मोठं कारण कशाला पाहिजे. लवंग ठेवा दाढेसाठी, लव्हेंडर आणि गवती चहा गोधड्यांच्या ट्रंकेत कापसाच्या बोळ्यावर टाकून ठेवा, कुबट वास जातो, वासापुरतं तेल उत्तमच आहे आणि वासासाठी घेतलं म्हणायला लाजायचं काही कारण नाही. ठेवलेल्या तीन बाटल्यांचे २,१०० होतात, तेवढे देऊन टाका, संबंध राहतात.

फक्त त्यांना एक गोष्ट जरूर सांगा, स्टेटसला "शुगर बरी होते, जखमा भरतात" असलं टाकत असतील तर बंद करा म्हणावं. आपल्याकडं १९५४ पासून कायदा आहे, डायबिटीस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि अमेरिकेत २०१४ मध्ये तेलांनी एबोला बरा होतो असं सांगणाऱ्या कंपन्यांना तिथल्या एफडीएनं (औषधांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नोटिसा काढल्या होत्या, त्यात मेंबर लोकांच्या पोस्टपण धरल्या होत्या. मेंबरला वाटतं आपण फक्त फॉरवर्ड केलंय.

दोन ग्लासांचा प्रयोग करायचा तर जाऊबाईंना चहाला बोलावून त्यांच्यासमोरच करा, तवंग त्यांनाही दिसेल. पण तो रविवारी. उद्या सकाळी मिरज, आणि जाताना सासूबाईंच्या शुगरचे मागचे रिपोर्ट सोबत घ्या, पायात बंद चप्पल घाला त्यांच्या. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.